खाली काहीच न पडण्याचे पैसे

आमच्या घरात झाडाची किंमत आई करायची. चढायचं, दोर लावायचा, तोडायचं हे नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम. पण उभ्या झाडात किती मण लाकूड आहे हे सांगायचं काम तिचं. ती झाडाभोवती एकदा उलटी आणि एकदा सुलटी फिरायची, खोडाला हात लावायची, मान वर करून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची आणि मग मालकाला आकडा सांगायची. हा आकडा मालकानं आम्हाला द्यायचा नसे, आम्ही मालकाला द्यायचा असे. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. पण आमच्या भागात तेव्हा झाड तोडणारा मजुरी घेत नसे, पडलेलं लाकूड त्याचं असे. झाड मोठं असलं तर मालकाच्याच हातावर काही रुपये ठेवायचे आणि लाकूड वखारीला नाहीतर वीटभट्टीला घालून आपलं पोट काढायचं. आईचा आकडा चुकला तर अख्ख्या आठवड्याची मेहनत अंगावर यायची. तो क्वचित चुकायचा, आणि चुकला की त्या दिवशी घरात तिच्याशी बोलायला कुणी धजत नसे.

घर निमोण्याच्या शिवारात, गावापासून जरा बाजूला. आम्ही धनगर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. नानांनी ती विकून जमीन केली, पण हातातला कोयता काही सुटला नाही. मेंढरांमागं हिंडताना उन्हाळ्यात खाली गवताची काडी नसायची, तेव्हा बाभळीवर, लिंबावर चढून डहाळा पाडायचा, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात मुरलेलं. अंगणात सदा ओल्या लाकडाचा वास असे. सकाळी नाना कानशीवर कुऱ्हाड घासत बसले की त्या आवाजानंच आम्हाला जाग यायची. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, ते वाटीत ओतून वर लसणाचं तिखट घालून प्यायचं आणि कामाला निघायचं. थोरला भाऊ सणसवाडीला कंपनीत लागला, तिथंच खोली घेऊन राहायला लागला, तशी नानांबरोबर दुसऱ्या फांदीवर चढायची पाळी माझ्यावर आली. भावाची जुनी पँट, तिच्यावर त्याचाच शर्ट. आत्याबाई म्हणायच्या, पोरीला झाडावरून उतरवा, नाहीतर नवरा झाडाखालीच शोधायला लागेल. आई म्हणायची, बरं होईल, मांडवाचा खर्च वाचेल.

मध्ये दोन वर्षं मी अकरावी-बारावीसाठी दौंडला मामाकडे होते. मामा रेल्वेच्या यार्डात फिटर. क्वार्टरच्या दारातून दिवसभर शंटिंगचे धक्के ऐकू यायचे. मामीच्या ताकातल्या कढीला आणि त्या धक्क्यांना मी एकदमच सरावले. मामा अबोल माणूस, पण वायरोपचा, म्हणजे पिळलेल्या पोलादी तारेच्या दोराचा, विषय काढला की त्याला थांबवावं लागायचं. रविवारी तो मला भंगाराच्या दुकानांतून हिंडवायचा. लिलावातून आलेली वायरोप तिथं वेटोळी घालून पडलेली असे. तिचा पीळ कसा बघायचा, तुटका धागा हाताला कसा लागतो, क्लॅम्प कुठल्या बाजूनं आवळायचा, टर्नबकल फिरवून तार कशी ताणायची, हे सगळं त्यानं मला शिकवलं. परीक्षेत मात्र यातलं काहीच आलं नाही. मी इंग्रजीत नापास झाले आणि घरी परत आले.

परत आले त्याच उन्हाळ्यात इनामगावच्या आबांचा निरोप आला. आबा म्हणजे घोड नदीकाठचे बागायतदार, साठीच्या पुढचे, ऊस-कांदा करणारे. त्यांच्या घरामागं एक जुनी चिंच होती. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर तिचं बेचकं, आणि तिथून दोन खोडं दोन बाजूंना गेलेली. त्यातलं एक थेट स्वयंपाकघराच्या पत्र्यावर आडवं झालेलं. चैत्रातल्या वादळात बेचक्यात चीर पडली होती. त्या पत्र्याखाली आबांची सून आणि तिच्या दोन जावा पहाटेपासून चुलीपुढं असायच्या. आबा म्हणाले, तोडून न्या. आई झाडाभोवती फिरली, आकडा सांगितला, आबांनी मान हलवली. सौदा झाला. पण नंतर मी पाहिलं, आबा झाडाकडे पाठ करून उभे होते आणि त्यांच्या हातातला पानाचा डबा नुसताच उघडत होता, मिटत होता.

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणाले, आबा, हे बांधता येईल. दोन्ही खोडं वर एकमेकांना वायरोपनं बांधली तर चीर वाढणार नाही. नाना माझ्याकडं बघत राहिले. आईनं मला कोपऱ्यात ओढलं. तिचा प्रश्न साधा होता, आणि पुढं दोन-तीन वर्षं मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही.

"बांधलं तर खाली काय पडंल?"

"काहीच न्हाई पडणार, आय. पडू नये म्हनूनच तर बांधायचं."

"मग पैसं कशाचं मागायचं?"

तिचं चुकत नव्हतं. लाकूड दिसतं, वजन करता येतं. फांदी न पडणं कुठल्या तराजूत घालायचं? शेवटी आम्ही तारेचे पैसे आणि दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी सांगितली, तीही लाजत लाजत. आबांनी लगेच दिली. मी दौंडहून तार आणली, खोडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यावरून तारेचे वेढे दिले, क्लॅम्प आवळले, टर्नबकल फिरवून ताण दिला. मेंढीच्या गळ्यात दावं घालतात तसा तो वेढा होता. आम्हाला बांधणं म्हणजे तेच ठाऊक. खाली उतरून मी छातीवर हात ठेवून आबांच्या सुनेला सांगितलं, वहिनी, निर्धास्त स्वयंपाक करा, ही फांदी आता येत नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. माझं ते वाक्य मला अजून टोचतं.

या कामाचा गवगवा झाला. वर्षा-दोन वर्षांत शिक्रापुराकडची एक-दोन झाडं मिळाली. मग भावाच्या ओळखीनं सणसवाडीच्या एका कंपनीचा बागेचा सुपरवायझर घरी आला. उत्तरेकडचा माणूस, पण बोलायला गोड. त्यांच्या आवारात पाच मोठी झाडं होती आणि साहेबांना ती तोडायची नव्हती. त्यानं आईला विचारलं, "माताजी, एक पेड का कितना लगेगा?" आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी आकाशाकडं. तो म्हणाला, आधी तुमचं जुनं काम दाखवा, मग रेट ठरवू. पुढच्या आठवड्यात इनामगावला जायचं ठरलं. पाच झाडं म्हणजे आमच्या घराला वर्षभराचा आधार होता. वखारीचे भाव उतरत चालले होते आणि तोडायला झाडंही उरत नव्हती.

तो यायच्या आधी तारेवरचा गंज पुसून घ्यावा म्हणून मी एकटीच इनामगावला गेले. बांधणीला तिसरं वर्ष चालू होतं. वर चढले, तर तार दिसेचना. सालीनं ती गिळली होती. वेढ्याच्या वर साल फुगून कडं आलं होतं आणि खाली खोड बारीकच राहिलं होतं. ट्यूबच्या पट्ट्या कुजून गेल्या होत्या. स्वयंपाकघराकडच्या खोडाचा शेंडा विरळ झालेला, पानं पिवळी आणि बारकी, दोन डहाळ्या तर वाळून कोळ झालेल्या. फांदी पडू नये म्हणून मी तिचा गळाच आवळला होता. वाळत चाललेलं ते खोड त्या गळ्यापाशीच एक दिवस मोडलं असतं, आणि खाली त्या तिघी माझ्या शब्दावर निर्धास्त बसलेल्या होत्या. मी वरच बसून रडले, खूप रडले. मग डोळे पुसले, खाली उतरले आणि कुणाशी न बोलता एसटी धरली.

घरी येईपर्यंत मी रस्त्याकडेची झाडंच बघत होते. आमच्याकडं बांधावरच्या लिंबालाच कुंपणाची तार बांधायची पद्धत आहे. ती झाडं मी जन्मापासून बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जिथं तारेचा वेढा दिला होता तिथं लिंब खंगलेले किंवा वाळलेले. जिथं कुणी खोडात खिळा ठोकून त्याला तार अडकवली होती, तिथं झाडानं खिळ्याभोवती साल ओढून घेतली होती आणि वर हिरवंगार. दुसऱ्या दिवशी दौंड गाठून मी हे मामाला सांगितलं. त्यानं कागदावर एक आकृती काढून दिली. खोडातून आरपार एक भोक, त्यातून डोळा असलेला बोल्ट, मागं मोठा वायसर आणि नट. तार डोळ्यात अडकवायची, सालीला शिवूही द्यायची नाही. तो म्हणाला, झाडाला भोक सहन होतं, फास होत नाही. आज शहरात याची पुस्तकं आहेत, कोर्स आहेत. माझा कोर्स शिरूर-दौंड रस्त्यावरच्या बांधांवर एका दुपारी पुरा झाला.

घरी मोठं भांडण झालं. आईचं म्हणणं होतं की सुपरवायझरला आधी झाड दाखवू. तो खालून बघणार, खालून सगळं ठीकच दिसतं. पाच झाडांचं काम हातात आलं की इनामगावचं गुपचूप दुरुस्त करू. ती लबाड बाई नव्हती, घर चालवणारी बाई होती. मी म्हणाले, उद्याच जाऊन आबांना सांगणार. ती म्हणाली, मग तुझा तूच धंदा कर. नाना एवढंच म्हणाले की मेंढराच्या गळ्यात दावं रुतलं तर आपण गिऱ्हाइकाची वाट बघत नाही. आई उठून बाहेर गेली. सकाळी मात्र ती लुगडं नेसून, पिशवी घेऊन आमच्याआधी फाट्यावर उभी होती.

आबांना सांगताना मी काही लपवलं नाही. माझी चूक आहे, झाड माझ्यामुळं वाळतंय, फांदीखाली आजपासून कुणी बसू नका. आबांची सून दारात उभी होती. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि अंगणात तीन दगड मांडायला घेतले. शिव्या परवडल्या असत्या. आबांचा चेहरा काळवंडला. ते म्हणाले, आता तोडूनच टाका. मी आकृतीचा कागद पुढं केला आणि पुन्हा एकदा बांधू द्या म्हणाले.

"जित्या झाडाला भोसकनार? आदी गळा दाबलास, आता छातीत भोक पाडतीस व्हय?"

"व्हय आबा. त्याबिगार हे जगनार न्हाई. आन् म्या पैसं न्हाई घेनार."

तिथं आई मध्ये पडली. मला वाटलं, आता ही लाकडाचा आकडा सांगून सौदा करणार. ती झाडाभोवती फिरलीसुद्धा, उलटी आणि सुलटी. मग आबांसमोर येऊन, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "आबा, जुनी तार वाया गेली ती आमची. मागची मजुरी आमी माघारी देतो. पर ह्या कामाचं पैसं पुरं घेनार. फुकाट करून गेली तर दर साली झाडावर चढून बघायला तिला बोलवाल का तुमी? आन् न्हाई बोलवलं तर पुन्ना असंच हुईल."

आणि तिनं आकडा सांगितला. बोल्ट, तार, वायसर, चार दिवस, आणि दर वर्षी एकदा वर जाऊन बघणं. दर वर्षीचे वेगळे दोनशे. पहिल्या वेळेच्या कितीतरी पट तो आकडा होता. आजही गिऱ्हाईक दर विचारतं तेव्हा मी त्याच क्रमानं सांगते आणि शेवटच्या गोष्टीवर अडून बसते. परवा पुण्याच्या एका सोसायटीचे चेअरमन म्हणाले, बाई, वर्षाचं तपासणं सोडा, तेवढे कमी करा. मी दोर गुंडाळला आणि निघाले. त्यांनी फाटकापर्यंत पळत येऊन हो म्हटलं. आबांनी तेव्हा पानाचा डबा उघडला, मिटला. मग त्यांनी विचारलं, मी लग्न होऊन लांब गेले तर काय. मी म्हणाले, जिथं जाईन तिथून येईन. ते म्हणाले, बांधा, एकदा शेवटचं बघू.

सुपरवायझरला भावाकरवी निरोप धाडला की काम चुकलं आहे, दुरुस्त झाल्यावर बघायला या. तो पुन्हा आला नाही. पाच झाडं गेली. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, त्या पाच झाडांवर मी मनात घराला पत्रे घातले होते.

चार दिवस आम्ही इनामगावातच राहिलो. मामा रजा टाकून आला, यार्डातल्या ओळखीच्या माणसाकडून चेन-कप्पी मागून घेऊन. नाना एका खोडावर, मी दुसऱ्यावर. हातानं गिरमिट फिरवून चिंचेच्या लाकडाला आरपार भोक पाडायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. लाकूड दगडासारखं, तळहातांची साल निघाली, एका भोकाला पुरा दिवस गेला. बेचक्याखाली चिरेतून एक आडवा बोल्ट घातला. वरचे दोन बोल्ट आधीपेक्षा उंचावर, बेचक्यापासून शेंड्यापर्यंतच्या तीन भागांतले दोन भाग सोडून. नवी तार डोळ्यांत ओवली. चेन-कप्पीनं दोन्ही खोडं जवळ ओढून धरली, आणि मग मी जुनी तार कापली. सालीत जेवढी रुतली होती तेवढी तशीच ठेवली, वेढा मात्र जागोजाग तोडून ढिला केला. आबांच्या घरची सगळी माणसं लांब, गोठ्यापलीकडं जाऊन उभी राहिली होती.

राहिलं होतं ते कप्पी ढिली करून सगळा भार नव्या तारेवर सोडणं. मामानं खालून साखळी हळूहळू सोडली. तार ताठ झाली, कुरकुरली. माझ्या खालचं ते भलंमोठं खोड बोटभर खाली गेलं आणि थांबलं. पत्र्यावर थोडी वाळकी पानं पडली. आणखी साखळी सुटली, कप्पी लोंबकळायला लागली, खोड हललं नाही. नानांनी पलीकडून मान डोलावली.

पण गोठ्यापलीकडून कुणी पुढं येईना. सून पिठाची पाटी हातात घेऊन तशीच उभी. मी वरून ओरडून सांगणार होते की या आता, काही होत नाही. पण हेच शब्द मी पहिल्या बांधणीच्या वेळी तिला दिले होते आणि आता ते देण्याचा मला काही हक्क उरला नव्हता. आबा झाडाकडं बघत होते, माझ्याकडं नाही. मामा साखळी गोळा करायच्या नावाखाली खाली मान घालून बसला होता.

तेवढ्यात आई गोठ्याकडं गेली. तिनं सुनेच्या हातातून पिठाची पाटी घेतली, काहीतरी विचारलं, बहुतेक काडेपेटी कुठं आहे ते. मग पदर खोचून ती सरळ माझ्या फांदीखाली, त्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात शिरली. वर मान करून तिनं एकदाही पाहिलं नाही. जरा वेळानं पत्र्याच्या फटींतून धूर वर यायला लागला, माझ्या डोळ्यांत गेला. आणि मग खालून भाकरी थापल्याचा आवाज आला. एक झाली, दुसरी झाली. तिसऱ्या भाकरीला आबांची सून अंगण ओलांडून आत गेली. माझं वरचं काम संपलं होतं, हत्यारं पिशवीत भरून झाली होती. तरी मी त्या फांदीवर बसून राहिले, खालच्या परातीवर दोघींचे हात पडताना ऐकत.